कडेला बसलेली माणसं

'फँड्री' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बऱ्याच सिनेमांबद्दल तावातावाने बोलणार आहे आणि बोलणारा कोण आहे ते वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

फेब्रुवारी २०१४. मी अकरावीत होतो. क्लास बुडवून आम्ही चौघं एसटीने नगरला गेलो. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण कंडक्टरकडे तिकीट मागताना तोंडातून नगरच निघतं.) अजय-अतुलचं जाहिरातीतलं गाणं तोंडपाठ झालेलं, त्यामुळे गावाकडची लव्हस्टोरी बघायला चाललोय अशी आमची समजूत. ते गाणं सिनेमात नाहीच. पडद्यावर दिसला तो काळ्या चिमणीच्या मागे गोफण घेऊन हिंडणारा जब्या, आणि शेवटची वीसेक मिनिटं डुकराच्या मागे धावणारं त्याचं कुटुंब. शाळेतली पोरं, गावातली रिकामटेकडी मंडळी कडेला बसून ती धावपळ मॅच बघावी तशी बघतायत, ओरडतायत, नावं ठेवतायत. थिएटरात आम्हीही हसत होतो. किशोर कदमचा कचरू घसरला की हसायचं, डुक्कर निसटलं की हसायचं. मग जब्याने दगड उचलला आणि तो सरळ आमच्याकडे आला. पडदा काळा. थिएटरात एक क्षण शांतता, आणि मागून कुणीतरी शिट्टी मारली.

त्या दगडाबद्दल इतकं लिहून झालंय की आता तो दगड घासून गुळगुळीत झालाय. तो समाजावर आहे, व्यवस्थेवर आहे, प्रेक्षकावर आहे, सगळं खरं. पण मला विचाराल तर 'फँड्री'ची खरी करामत दगडात नाही, त्याच्या आधीच्या हसण्यात आहे. मंजुळेंनी डुकराचा पाठलाग असा रचलाय की तुम्हाला हसू यावं. राष्ट्रगीत सुरू होतं, हातातोंडाशी आलेलं डुक्कर सोडून सगळं कुटुंब ताठ उभं राहतं. हे विनोदीच आहे. दिग्दर्शकाने आपल्याला कडेला जागा करून दिली, आपण आपखुशीने जाऊन बसलो, आणि मग दगड आला. सुरुवातीपासून रडवलं असतं तर आपण जब्याच्या बाजूला बसलो असतो आणि समाधानाने घरी गेलो असतो.

त्यातलं गाव नगरजवळचं अकोळनेर म्हणून येतं. मंजुळे स्वतः करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, शिकले नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात. जब्या झालेला सोमनाथ अवघडे केमचा. म्हणजे सगळा मामला आमच्या पायाखालचा. तीच बाभळ, तीच जत्रा, तोच डोक्यावर दिवा घेऊन मिरवणुकीत चालणारा माणूस, ज्याच्याकडे मी लहानपणापासून दिव्याचा खांब असल्यासारखं पाहत आलोय.

दोन महिन्यांनी, एप्रिलच्या शेवटी, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो एवढं कारण सांगितलं गेलं. तो माझ्याच वयाचा. आमच्या घरी संध्याकाळी पेपर आला, त्यावर चर्चा झाली. चुलते म्हणाले, "कशाला नादी लागायचं आसल्या गोष्टींच्या?" वाक्य मेलेल्या मुलाला उद्देशून होतं. आजी म्हणाली, "आईचं काय झालं आसंल." मी काहीच बोललो नाही. 'फँड्री' पाहून आलेला घरात मी एकटा होतो. २०१७च्या नोव्हेंबरात खटल्याचा निकाल लागला, आरोपी सुटले. बरेच साक्षीदार फितूर झाले होते. ती बातमी मी हॉस्टेलच्या मेसमध्ये मोबाईलवर वाचली आणि पहिल्यांदा डोळ्यांसमोर आली ती डुकराची मॅच बघणारी माणसं. पाहिलं सगळ्यांनीच असतं.

म्हणून माझं मत असं, आणि मित्रांच्या ग्रुपवर यावरून माझ्याशी बोलणं टाकलेले दोघं आहेत, की 'सैराट' हा 'फँड्री'पेक्षा मोठा सिनेमा असेल पण धीट सिनेमा नाही. 'सैराट' मी तीनदा थिएटरात पाहिलाय. २०१६चा मे महिना, इंजिनिअरिंगची परीक्षा डोक्यावर, आणि लोक पडद्यासमोर जाऊन 'झिंगाट'वर नाचत होते, मीही नाचलो. पहिला भाग मला आजही निर्दोष वाटतो. विहीर, ट्रॅक्टर, बुलेट, आर्चीचं ते बेफिकीर बघणं. मराठी सिनेमात मुलगी इतकी मोकळी मी तोवर पाहिली नव्हती. हैदराबादचा भाग लोकांना लांबला असं वाटतं, मला तो आवडतो. दोन पळालेल्या पोरांना भांडी घासायला आणि डोसे घालायला लागतात, प्रेमात चिडचिड येते, हे दाखवायला वेळ लागणारच. शेवटाबद्दल तर बोलायलाच नको.

अडचण प्रिन्सची आहे. आर्चीचा भाऊ. वर्गात शिकवणाऱ्या लोखंडे सरांच्या तो कानाखाली मारतो. तात्या पुढारी, पोरगा गुंड, घर वाड्यासारखं. मी उसाच्या पट्ट्यातल्या, कारखान्याचे शेअर असलेल्या घरातला. आर्चीचं घर आमच्या पाहुण्यांत कुठेही सापडेल. तरी 'सैराट' पाहून आमच्या पाहुण्यांतला एकही माणूस अस्वस्थ झाला नाही, कारण कुणालाच आपण प्रिन्स वाटलो नाही. प्रिन्स इतका वाईट आहे की तो नेहमी शेजारच्या गावातला असतो. खलनायक ठसठशीत झाला की प्रेक्षकाची सुटका होते. 'फँड्री'त खलनायकच नाही, नुसते कडेला बसलेले आहेत, आणि तिथून सुटायला वाट नाही.

'सैराट'वर उलट टीका करणारेही होते. जुलै २०१६मध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत जे झालं त्यानंतर आमच्याकडे असल्या सिनेमांनी पोरं बिघडतात हे वाक्य मी पारावर, लग्नात, सलूनमध्ये ऐकलं. कोपर्डीची घटना भयानकच होती, तिचा राग खरा होता. पण तिचा 'सैराट'शी संबंध जोडणाऱ्यांना खर्डा आठवत नव्हता, आणि खर्ड्याला 'सैराट' कारण नव्हता, तो तेव्हा आलाच नव्हता. तारखा लावून पाहण्याची खोड मला धंद्यामुळे लागलीय. बग कुठल्या बदलानंतर आला ते आधी तपासायचं.

'धडक'वर वेळ घालवत नाही. 'सैराट'मधून जात काढली तर काय उरतं ते बघायचं असेल तर बघा. उदयपूर उरतं.

भाऊराव कऱ्हाडे श्रीगोंदा तालुक्यातले. 'ख्वाडा'साठी त्यांनी जमीन विकल्याचं तेव्हा छापून आलं होतं. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांची विशेष दाद मिळाली आणि जागेवर केलेल्या ध्वनिमुद्रणाचाही पुरस्कार मिळाला. आवाजाचा तो पुरस्कार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा, कुत्री, वारा, आणि त्यातच अर्धवट ऐकू येणारी माणसं. आमच्या शेतात धनगरांचा वाडा दर वर्षी बसतो, खतासाठी आम्हीच बसवून घेतो, पण ती माणसं रात्री आपसात काय बोलत असतील याचा विचार मी 'ख्वाडा' पाहीपर्यंत केला नव्हता. शशांक शेंडेंचा रघू हट्टी आहे, पोराच्या लग्नाआड येणारा, गेलेल्या जमिनीच्या केसला चिकटून बसलेला. गरीब आहे म्हणून गोड केलेला नाही. पुढे सरपंचाचं वैर वाढतं आणि सिनेमा ओळखीच्या वाटेला लागतो. तिथे माझा रस कमी होतो. पुन्हा एक प्रिन्स. त्यानंतरचा 'बबन' पाहताना तर वाटलं की आधी ज्या मारामारीकडे नाइलाजाने गेले होते तिच्याकडे आता हौसेने निघालेत. दुधाचा धंदा करू पाहणाऱ्या पोराची गोष्ट होती, किती करता आलं असतं! दुधाचा दर, फॅट, उचल हे सगळं नाट्य आमच्या घरात रोज सकाळी घडतं.

'झुंड' मला लोकांना वाटला तितका फसलेला वाटत नाही. लांबलाय, मान्य. पण कॉलेज आणि झोपडपट्टी यांच्यामधली ती भिंत आणि तिच्यावरून चढून येणारी पोरं हे दृश्य जमलंय, आणि बच्चनला इतकं गप्प क्वचितच कुणी बसवलंय.

आमच्या बाजूची, म्हणजे कारखान्याच्या बाजूची गोष्ट आतून सांगणारा सिनेमा शोधायला गेलो तर मागे जावं लागतं, थेट जब्बार पटेलांच्या 'सामना'पर्यंत. तेंडुलकरांचं लेखन, निळू फुल्यांचा हिंदुराव. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना आमच्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला. त्यामुळे 'सामना' आमच्याकडे घरचाच समजला जातो. हिंदुराव राक्षस नाही. तो कर्तबगार आहे, पाहुणचार करणारा आहे, त्याने उभं केलेलं खरंच उभं आहे, आणि मारुती कांबळे नाहीसा झालाय. हे दोन्ही एकाच माणसात असल्यामुळे त्याच्यात मला माझे नातेवाईक दिसतात. प्रिन्समध्ये दिसत नाहीत.

तमिळमध्ये मारी सेल्वराजने २०१८च्या 'परियेरुम पेरुमाळ'मध्ये असंच काहीसं केलंय. शेवटी मुलीचा बाप आणि मार खाल्लेला पोरगा समोरासमोर बोलतात. बाप अवघडलेला आहे, पण ऐकतो. मग टेबलावर चहाचे दोन ग्लास, एक दुधाचा, एक बिनदुधाचा. सबटायटल्स वाचत पाहिला आणि हेवा वाटला. तात्याला असं बसवून ऐकवणारा सीन मराठीत कुणी लिहिला नाही.

गेल्या दिवाळीला गावी होतो. मी टीव्हीवर 'फँड्री' लावला. अण्णा शेजारी येऊन बसले. मी पडद्याकडे कमी, त्यांच्याकडे जास्त बघत होतो. जत्रा त्यांना आवडली, "आपल्याकडची हलगी हाय ही," म्हणाले. डुकराचा पाठलाग सुरू झाला आणि ते हसायला लागले, मी अकरावीत जिथे हसलो होतो बरोबर तिथेच. राष्ट्रगीताला तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तेवढ्यात थ्री फेज आली. ते बॅटरी घेऊन मोटार चालू करायला विहिरीकडे गेले. जाताना म्हणाले, "थांबव रे, मी आल्यावर बघू." मी थांबवून ठेवला. ते परत आले तेव्हा साडेअकरा झाले होते, पाय धुतले आणि झोपायला गेले.