यंग इंडिया : रेकॉर्ड केलं, पण जपलं कुणी?

ग्रामोफोन म्हटलं की आपल्याला कर्ण्यासमोर बसलेला एचएमव्हीचा कुत्रा आठवतो. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचा आवाज तबकडीवर उतरला आणि पुढची कित्येक वर्षं या धंद्यावर परदेशी कंपन्यांचाच वरचष्मा राहिला. अशा काळात, १९३५ मध्ये, मुंबईत 'नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' सुरू झाली. तिच्या तबकड्यांवर नाव असायचं 'यंग इंडिया'. गांधीजींच्या साप्ताहिकामुळे हे नाव लोकांच्या ओळखीचं होतंच.

मोठे गवई मोठ्या कंपन्यांकडे होते. त्यामुळे यंग इंडियाच्या माइकसमोर बरेचसे नवखे आणि हौशी कलावंत आले. गाण्यांबरोबर भाषणं आणि शाळकरी मुलांसाठीच्या तबकड्याही निघाल्या. म्हणूनच हे लेबल दुय्यम ठरवलं जातं. त्यातलं सगळंच दर्जेदार आहे, असा दावा मीही करणार नाही. पण मला ती मोजपट्टीच चुकीची वाटते. थोरांचं गाणं ऐकून शिखर किती उंच होतं ते कळतं. त्या काळी साधी माणसं कशी गात-बोलत होती, हे कळायला हौशी माणसाचीच तबकडी लागते. यंग इंडियाचं खरं काम हे होतं, की तिने दार थोडं सैल ठेवलं.

१९५५ मध्ये ते दार बंद झालं. लाँग प्ले तबकड्या भारतात रुळायच्या होत्या, कॅसेट तर फार लांब. एचएमव्ही टिकली, म्हणून तिची जुनी गाणी एलपीवर, कॅसेटवर, सीडीवर आणि आता आपल्या फोनवर आली. यंग इंडियाचा माल पुढे नेणारं कुणी उरलं नाही. राहिल्या त्या लोकांच्या घरातल्या आणि जुन्या बाजारातल्या लाखेच्या तबकड्या, हातातून पडली की तुकडे होणाऱ्या. मुंबईचे संग्राहक सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दस्तऐवजांसाठीच्या योजनेतून त्यांचं डिजिटायझेशन हाती घेतलं, तेव्हा कुठे त्या पुन्हा ऐकण्याजोग्या झाल्या.

हे शक्य झालं ते एका साध्या गोष्टीमुळे. तबकडीच्या मधोमध कागद चिकटवलेला असतो. त्यावर कलावंताचं नाव, गाणं आणि क्रमांक छापलेला असतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला मेटाडेटा म्हणतो, तो हाच. कंपनी गेली तरी नाव तबकडीसोबत राहिलं.

आता आपल्याकडे बघू. डहाणू-तलासरीत भात घरात आलं की तारपा वाजतो, नाच रात्र-रात्र चालतो. लाखेच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. आज अख्खी रात्र खिशातल्या फोनमध्ये मावते. स्टुडिओची अडचण संपली. पण माझ्या फोनमध्ये चिखल्याला घेतलेल्या तारप्याच्या सात क्लिपा आहेत आणि एकीवरही वाजवणाऱ्याचं नाव नाही. फाइलचं नाव म्हणजे नुसते आकडे. फोन बदलला की त्याही जातील.

यंग इंडियाने निदान नाव छापलं होतं. पुढच्या वेळी रेकॉर्डिंग थांबवल्यावर मी वाजवणाऱ्या काकांना आधी नाव विचारणार आहे. मग पाडा, मग तारीख. आणि एक प्रत त्यांच्या घरी.