कोयनेचा आलेख, पूर्णेचा गाळ

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना धरणाच्या गॅलरीतील यंत्राने भूकंपाचा जो आलेख टिपला, तो आजही जगभर संगणकावर धरणे हलवून पाहण्यासाठी वापरतात. त्याची योग्यता मोठी आहे. धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा जोर म्हणून वजनाच्या ०.०५ पट एवढे स्थिर आडवे बल धरले होते. प्रत्यक्षात प्रवाहाच्या दिशेतील त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.४९ पटींपर्यंत पोचले. धरणाच्या खालच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो तिथे भेगा पडल्या. स्थिर बलाच्या हिशोबात तिथे धोका दिसत नव्हता. धरणाचे लहान लहान तुकडे कल्पून त्यांची हालचाल क्षणाक्षणाला मोजणाऱ्या सांत घटक पद्धतीने तो दिसला. चोप्रा व चक्रवर्ती यांचे ते काम १९७३ चे.

इथवर तक्रार नाही. तक्रार आहे ती हाच आलेख उचलून वऱ्हाडातल्या मातीच्या प्रतिमानाखाली चिकटवण्याविषयी. कोयना धरण बेसाल्टवर उभे आहे. अकोला-दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात पूर्णेचा गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर खोल आहे. शिवाय यंत्र धरणातच होते. त्याच्या नोंदीत धरणाचे स्वतःचे डोलणेही थोडेफार आलेच असणार. तिला खडकाची हालचाल समजणे धाडसाचे.

त्याहून मोठी चूक तळाशी होते. मातीचा ठोकळा काढून त्याचा तळ व बाजू घट्ट बांधल्या की लाट पृष्ठभागावरून परतते, तळावर आपटते आणि पुन्हा वर येते. परातीत पाणी घेऊन काठावर टिचकी मारा, तरंग उलटसुलट धावत राहतात. नदीत खडा टाकला तर तरंग दूर निघून जातात. गाळाखाली फारच कठीण खडक असेल तर घट्ट तळ एक वेळ चालेल. पण बाजूंना तोही आधार नाही. लिस्मर व कुलेमेयर यांनी १९६९ मध्येच कडांवर लाट शोषून घेणारे धक्काशोषक कल्पिले होते. ते वगळून काढलेले सुंदर रंगीत चित्र पूर्णेचे नसते, परातीचे असते.

मातीला स्वतःचा झोकाही असतो. थराची जाडी चौपट करून तिला आडव्या कंपनलाटेच्या वेगाने भागा. ५० मीटर जाडी आणि सेकंदाला २०० मीटर वेग धरला तर आवर्तकाल १ सेकंद येतो. १९८५ साली मेक्सिको शहर भूकंपकेंद्रापासून साडेतीनशे किलोमीटरांहून दूर होते, तरी जुन्या सरोवराच्या मऊ मातीने सुमारे दोन सेकंदांच्या झोक्याला साथ दिली आणि इमारती कोसळल्या. कोयनेच्या आलेखात भर आहे तो जलद कंपनांवर. म्हणजे खोल गाळासाठी तो कदाचित धोका कमीच दाखवेल, आणि मला भीती वाटते ती याचीच.

काळी माती वैशाखात भेगाळते, श्रावणात चिखल होते. प्रतिमानात मात्र तिला बारमाही एकच आकडा मिळतो. विद्यार्थ्याच्या प्रकल्पातील चित्र पाहताना शिक्षकांनी आधी एवढेच विचारावे: आलेख कुठला, तो कोणत्या खोलीवर लावला, आणि कडांना काय बसवले?