चेलोचे देशीकरण : एक विचार

परकी वाद्य एखाद्या संगीतपरंपरेत रुजले असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न सास्किया राव-द हास (जन्म १९७१) यांच्या कार्यासंबंधी उपस्थित होतो. मूळच्या डच असलेल्या या चेलोवादिकेने रॉटरडॅम येथे हरिप्रसाद चौरसिया यांच्याकडे हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण घेतले. पुढे मुंबईचे व्हायोलिनवादक डी. के. दातार यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले.

'त्यांचा चेलो गातो' असे म्हणून प्रशंसा करण्याचा मोह होतो. परंतु तेवढ्याने विवेचन पुरे होत नाही. गायनात स्वर आणि व्यंजन ही दोन्ही उच्चारली जातात. गज स्वराचा प्रवाह अखंड ठेवतो, मींडही सहज काढतो; व्यंजनाचा आघात मात्र गजाची दिशा पालटून केवळ सुचविता येतो. चेलोचे गाणे हे निःशब्द गाणे होय. या मर्यादेत राहून वाद्यात केलेले फेरफार महत्त्वाचे ठरतात : चारांऐवजी पाच तारा, अनुनादासाठी दहा तरफा, आटोपशीर आकार आणि जमिनीवरची बैठक. 'टेबल' हा शब्द 'टेबलावर', 'टेबलाला' अशी रूपे घेऊ लागला, तेव्हा तो मराठीच्या व्याकरणात आला. येथेही वाद्याने रागसंगीताचे व्याकरण पत्करले आहे.

तथापि, व्याकरण पत्करणे निराळे आणि व्यवहारात रुळणे निराळे. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील गावोगावची भजने पाहावीत. तेथे हार्मोनिअम टाळ-पखवाजाच्या पंक्तीला बसली असून तिला 'पेटी' हे घरचे नाव मिळाले आहे. वस्तुतः तिच्यातून मींड निघत नाही; १९४० मध्ये नभोवाणीने तिच्यावर बंदी घातली व ती १९७१ पर्यंत टिकली. तरीही समूहाच्या गायनाला आधार देण्याचे काम तिने केले, म्हणून ती आपली झाली. अर्थात नाव पालटलेच पाहिजे असे नाही. व्हायोलिनचे नाव कायम राहिले. पण गजाननबुवा जोशी (१९११-१९८७) आणि दातार (१९३२-२०१८) यांच्यासारख्यांच्या साधनेने व शिष्यवर्गाने ते येथे स्थिरावले.

म्हणजे नादाची अनुकूलता देशीकरणास साहाय्यक असली, तरी निर्णायक नसते. राव-द हास यांचे यश वाद्यरचना आणि वादनरीती यांपुरते निर्विवाद आहे. परंतु एकाच व्यक्तीच्या तोंडी असलेला शब्द, तो कितीही समर्पक असला तरी, भाषेचा होत नाही. चेलोच्या बाबतीत हा निर्णय पुढील पिढ्यांच्या वादकांनी द्यावयाचा आहे.