विषाच्या बाटलीवरील वाङ्मय

परीक्षणासाठीं काव्य, नाटक किंवा कादंबरीच हातीं घ्यावी, असा कांहीं नियम नाहीं. ज्या लेखनाच्या गुणदोषांवर माणसाचें जीवित अवलंबून असतें, त्याची समीक्षा तर आधीं व्हावयास पाहिजे. नागपूर जिल्ह्यांतील कळमेश्वर हा कापसाचा व संत्र्यांचा मुलूख. तेथील शेतांत दर पावसाळ्यांत फवारणीच्या औषधांच्या ज्या बाटल्या जातात, त्यांवरील चिठ्ठी व सोबतचें माहितीपत्रक हेंच आजचें आमचें परीक्षणाचें पुस्तक होय.

ह्या वाङ्मयाचा जन्म दुःखांतून झाला. १९५८ सालीं केरळांत पॅराथिऑन नांवाचें कीटकनाशक अन्नांत मिसळलें जाऊन शंभरांवर माणसें दगावलीं. पुढें १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे नियम झाले. माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी व प्रादेशिक भाषेंत असावें आणि बाटलीवर विषाच्या तीव्रतेचा रंगीत त्रिकोण असावा, असें त्यांनीं ठरविलें. प्रयोगांतील निम्मे प्राणी ज्याच्या, शरीराच्या दर किलो वजनामागें, ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेनें मरतात, त्यास तांबडा रंग. त्याहून सौम्यास पिवळा, मग निळा. आणि ज्यास ५००० मिलिग्रॅमहून अधिक मात्रा लागते, त्यास हिरवा. निरक्षरासहि कळावी अशी ही खूण योजणाराचें कौतुक केलें पाहिजे.

परंतु येथेंच आमचा पहिला आक्षेप आहे. त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो. धोका सांगत नाहीं. धोका हा तीव्रता आणि संपर्क ह्या दोहोंनीं मिळून ठरतो. विष युक्तीनें वापरल्यास औषध होतें व औषध अयुक्तीनें वापरल्यास विष, हें चरकसंहितेनें फार पूर्वीं सांगून ठेविलें आहे. कपाटांत बंद असलेल्या तांबड्या बाटलीपेक्षां आठ दिवस उघड्या अंगावर झिरपणारी पिवळी बाटली अधिक घातक ठरूं शकते.

२०१७ सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत ह्याचें भयंकर प्रत्यंतर आलें. उंच वाढलेल्या कपाशींत फवारा मारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर मेले, शेंकडों रुग्णालयांत पडले. त्यांनीं विष प्यालेलें नव्हतें. तें कातडींतून व श्वासांतून आंत गेलें. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गाचीं विषें मज्जातंतूंच्या व्यवहारास आवश्यक असें एक द्रव्य निकामी करितात, आणि तें शरीरांत सावकाश भरून येतें. म्हणून दुसऱ्या दिवसाचा फवारा आधींच दुबळ्या झालेल्या देहावर पडतो. एका मात्रेचें मोजमाप सांगणारा त्रिकोण ह्याविषयीं मुका आहे. दोन औषधें एकाच पंपांत ओतलीं, तर त्या मिश्रणाची चिठ्ठी कोणत्याच बाटलीवर नसते.

दुसरा आक्षेप वाचकासंबंधीं. बाटली विकत घेतो मालक, फवारतो मजूर. मजुराच्या पाठीवर पंप येतो, तेव्हां बाटली बांधावर राहिलेली असते. म्हणजे ज्याच्यासाठीं हें लेखन, त्याच्यापर्यंत तें पोंचतच नाहीं!

तिसरा आक्षेप क्रमाचा. हातमोजे घाला, तोंड झांका, वाऱ्याच्या दिशेविरुद्ध फवारूं नका, हे उपदेश खोटे नाहींत. पण ते निवारणाच्या शेवटच्या पायरीचे आहेत. पहिला प्रश्न, फवारणी हवीच काय? शेतांत कामगंध सापळे लावून बोंडअळी किती आहे हें पाहिल्याशिवाय बाटली उघडूं नये. दुसरा प्रश्न, ह्याहून सौम्य उपाय आहे काय? तिसरा, तोच माणूस लागोपाठ किती दिवस फवारणार? ह्यानंतर हातमोज्यांची पाळी. भाद्रपदाच्या उकाड्यांत जाड पोशाख अंगावर टिकत नाहीं, हें विदर्भांत कोणास सांगावयास नको.

एवढ्याशा कागदावर सारें मावणार कसें, असें कोणी म्हणेल. तें आम्हांस मान्य आहे. म्हणूनच उरलेलें काम वाचकांकडे येतें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांची शेती मजुरांकरवीं होते, त्यांनीं फवारणीपूर्वीं हें पत्रक मजुरांस मोठ्यानें वाचून दाखवावें, बांधावर साबण व पाणी ठेवावें, आणि कोणास घेरी, घाम किंवा लाळ सुटली तर त्यास वैद्याकडे नेतांना बाटलीहि न्यावी. कारण उतारा कोणता तें तींतच लिहिलेलें असतें. ह्या वाङ्मयांतील सर्वांत मोलाची ओळ तीच होय, आणि ती बहुधा सर्वांत बारीक अक्षरांत असते. ती ठळक छापण्यास प्रकाशकांस खर्च कितीसा येणार?