लय मोडणारा ड्रम : कार्ल नील्सन यांची पाचवी सिंफनी

तालवाद्यानं लय धरून ठेवावी, ही जगभरच्या संगीताची साधी अपेक्षा. डॅनिश संगीतकार कार्ल नील्सन यांनी आपल्या पाचव्या सिंफनीत एका वादकाला नेमकं उलटं काम दिलं. सगळा वाद्यवृंद एक धून उभारत असताना त्यानं ती मोडायची आणि ती मोडताना काय वाजवायचं हे स्वतःच ठरवायचं. 24 जानेवारी 1922 रोजी नील्सन यांनी स्वतः कोपनहेगनमध्ये ही सिंफनी पहिल्यांदा सादर केली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात उत्तर युरोपात जे संगीत लिहिलं गेलं, त्यात इतकं निर्भय काम मला दुसरं दिसत नाही.

नील्सन यांचा जन्म 1865 चा, फ्यून बेटावरचा. वडील रंगारी होते आणि गावच्या लग्नसमारंभांत व्हायोलिन वाजवत. चौदाव्या वर्षी कार्ल ओडेन्सच्या लष्करी बँडमध्ये दाखल झाले. पुढे ज्या ड्रमला त्यांनी एवढं मोठं काम दिलं, त्याच्याशी त्यांची ओळख ही अशी जुनी. पहिल्या महायुद्धात डेन्मार्क तटस्थ होता. पण तटस्थ देशातल्या माणसाचं मन युद्धाबाहेर राहत नाही. 1916 मध्ये पूर्ण झालेल्या चौथ्या सिंफनीत त्यांनी टिंपनी या मोठ्या ड्रमच्या दोन जोड्या एकमेकांसमोर झुंजवल्या आणि तिला जीवनाची न विझणारी शक्ती सांगणारं नाव दिलं. पाचवीला मात्र त्यांनी नावच दिलं नाही. हे युद्धाचं चित्र नव्हे, असं ते म्हणत. पण युद्धानंतर कुणीच पूर्वीसारखं राहिलेलं नाही, हेही त्यांनी मान्य केलं होतं.

सिंफनीची सुरुवात अगदी थोड्या ऐवजावर होते. व्हायोला दोनच स्वरांमध्ये हलत राहतात. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्ज आणि कोमल गंधार यांच्यात असतं तेवढं ते अंतर. त्या हालचालीला दिशा नाही, इच्छा नाही. तिच्यावर बसून नावाची दोन सुषिर वाद्यं आपली ओळ सोडतात, मग इतर वाद्यं येतात, पण कुठे जायचं हे कुणालाच ठाऊक नसल्यासारखं वाटतं. दोन स्वरांमधलं असं साधं अंतरही देणगीसारखं ऐकता आलं पाहिजे, असं नील्सन यांचं मत होतं. इथे ते आपल्याला तसंच ऐकायला लावतात. या सुस्त शांततेतच साइड ड्रमचा लष्करी ठेका शिरतो. तो ठेका काही विकसित होत नाही. स्वतःला दामटत राहतो. क्लॅरिनेट आणि फ्लूट त्याच्याभोवती किंचाळतात आणि हळूहळू सगळं पुन्हा ओसरतं.

मग पहिल्या भागाचा दुसरा टप्पा सुरू होतो. संथ, रुंद आणि ऊबदार अशी धून येते. एवढा वेळ ज्याला दिशा नव्हती, त्या संगीताला आता श्वास मिळतो. ती धून भरत जाते तोच सुषिर वाद्यं मध्ये घुसू लागतात आणि ड्रम परततो. आधी तो वाद्यवृंदाच्या लयीशी नातं न ठेवता स्वतःच्या गतीनं ठेका लावतो. पुढे नील्सन यांनी लिहिलेलं नोटेशनही संपतं. वादकाला सूचना एवढीच की, संगीताची वाटचाल काहीही करून रोखायची आहे असं समजून त्यानं मनाला येईल ते वाजवावं.

या सूचनेत या कृतीचं मर्म आहे. संगीतकार विध्वंसाचं वर्णन लिहू शकतो, पण लिहिलेला विध्वंस शिस्तीतच राहतो. नील्सन यांनी तो खरोखर मोकळा सोडला. दर प्रयोगात एक नवा वादक नव्या तऱ्हेनं ती धून फोडू पाहतो, आणि संचालकालाही तो पुढच्या क्षणी काय करेल याची खात्री नसते. त्यामुळे धूनचा विजय प्रत्येक वेळी नव्यानं कमवावा लागतो. ती ड्रमवर ओरडत नाही, त्याची लय उचलत नाही; स्वतःच्या गतीनं रुंदावत जाते आणि अखेर त्याला आपल्या नादात सामावून घेते.

तरीही पहिला भाग जल्लोषावर संपत नाही. एकटा क्लॅरिनेट मुक्तपणे बोलत राहतो आणि ड्रम दुरून, विरत विरत, अजून ऐकू येतो. धोका संपलेला नाही, दूर गेला आहे.

दुसरा भाग उसळत्या जोमानं सुरू होतो. ही ऊर्जा मोहक आहे, पण ती स्वतःलाच दमवते. तिच्यातून एक भन्नाट वेगाची फ्यूग निघते, एकाच कल्पनेला अनेक वाद्यं पाठोपाठ पकडतात आणि तिचा वेग वेडसर होतो. ती कोसळल्यावर तंतुवाद्यं दुसरी फ्यूग हलकेच सुरू करतात, संथ आणि विचारी. रचनापद्धत तीच, स्वभाव उलटा. वेगानं जे बिघडवलं ते सावकाशीनं सावरतं, आणि मगच शेवटचं तेजस्वी उधाण येतं. सिंफनी जिथून सुरू झाली त्या स्वरस्थानी ती परतत नाही. ई-फ्लॅट मेजर या नव्याच घरात पोहोचते. एकाच षड्जाला धरून ऐकणाऱ्या आपल्या कानांना हे स्थलांतर विशेष जाणवतं.

जानेवारी 1924 मध्ये स्टॉकहोमला संचालक गेऑर्ग श्नेवॉइट यांनी ही सिंफनी वाजवली, तेव्हा पहिल्या भागाच्या गदारोळात बरेच श्रोते उठून निघून गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच शहरात, नील्सन यांच्याच वर्षी जन्मलेले फिनिश संगीतकार सिबेलियस यांची एकसंध सातवी सिंफनी पहिल्यांदा वाजली. सिबेलियस पुढे लवकरच मोठ्या रचनांपासून मौनात गेले. नील्सन 1931 मध्ये वारले. त्याआधी 1928 च्या क्लॅरिनेट कन्चेर्टोत त्यांनी तोच साइड ड्रम पुन्हा बोलावला. संचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांनी 1962 मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत केलेलं पाचवीचं ध्वनिमुद्रण तिला डेन्मार्कबाहेरचा मोठा श्रोतृवर्ग मिळवून देणारं ठरलं.

पाश्चात्त्य संगीताची सवय नसेल तरी या सिंफनीपासून सुरुवात करायला हरकत नाही. पस्तीसेक मिनिटं सलग द्या आणि पहिल्या भागात ड्रम मोकळा सुटतो तेव्हा त्याच्याकडे लक्ष न देता मागची धून धरून ठेवा. ती सुटली नाही, तर ही सिंफनी तुम्हाला कळली.