स्टीव्हन्सन यांचा पायी प्रवास आणि एक मुकी सोबतीण

रानावनांतून पायी हिंडण्याचा आनंद वर्णन करणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. मात्र त्या वाटेवर ओझे वाहणाऱ्या जनावराची बाजू त्यांत क्वचितच दिसते. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे ‘ट्रॅव्हल्स विथ अ डाँकी इन द सेव्हेन’ (१८७९) हे प्रवासवर्णन त्या दृष्टीने वाचण्याजोगे आहे.

१८७८ च्या शरद ऋतूत स्टीव्हन्सन यांनी दक्षिण फ्रान्समधील सेव्हेन डोंगरांतून बारा दिवस पायी प्रवास केला. सामानासाठी त्यांनी ६५ फ्रँक व पेलाभर ब्रँडी देऊन उंदरी रंगाची एक लहानखुरी गाढवीण विकत घेतली. तिचे नाव मॉडेस्टिन.

या ग्रंथाची गोडी वादातीत आहे. तिन्हीसांजेला वाट विचारली असता एक मुलगी जीभ दाखवते, दुसरी सरळ गाईंच्या मागे जायला सांगते. मध्यरात्रीनंतरच्या ज्या घटकेला कुरणातील गुरेमेंढरे क्षणभर जागी होतात, ती घटका लेखक पाइन वृक्षांखाली पडून अनुभवतो आणि सकाळी मुक्कामाचे मोल म्हणून हिरवळीवर नाणी ठेवून निघतो.

कॅथलिक वाचकाला ‘अवर लेडी ऑफ द स्नोज’ या ट्रॅपिस्ट मठाची प्रकरणे विशेष आवडतील. पुढे १८९० मध्ये संत चार्ल्स द फुको यांनी याच मठात प्रवेश केला. प्रॉटेस्टंट संस्कारांत वाढलेले स्टीव्हन्सन तेथे भीत भीत जातात आणि आदराने परततात. मठातील दिनक्रम सांगताना ते उदाहरण घेतात ससे पाळणाऱ्या संन्याशाचे. पहाटे दोनला उठलेला हा माणूस सशांच्या खुराड्यांकडून प्रार्थनामंदिराकडे, तेथून भोजनगृहाकडे दिवसभर ये-जा करीत असतो. त्याच्या दिवसात ससे आणि स्तोत्रे शेजारी शेजारी नांदतात.

आमचा आक्षेप येथेच आहे. ज्या लेखकाने हे टिपले, त्याच्याच हातात पराणी आहे. आरंभी प्रत्येक फटक्यागणिक त्यांचे मन खाते. पुढे एका खानावळवाल्याने टोकदार पराणी करून दिल्यावर मात्र ते पराणीच्या जनकाला दुवा देतात. तीन दिवसांत मॉडेस्टिनच्या पुढच्या पायांची सालटी निघतात, रक्त वाहते. तरी आपल्याला तिच्याविषयी ममता वाटत नाही, असे ते लिहितात. खुराडे आणि पराणी ही दोन्ही चित्रे एकाच ग्रंथात आहेत. पण लेखकाने ती समोरासमोर कधी ठेवली नाहीत.

वाचताना ‘गणना’ ग्रंथातील (अध्याय २२) बलामची गाढवी आठवल्यावाचून राहत नाही. तिला देवदूत दिसला, स्वाराला दिसला नाही. तीनदा मार खाल्ल्यावर तिला वाचा फुटली व तिने जाब विचारला. मॉडेस्टिनला वाचा फुटली नाही. तिची फिर्याद स्टीव्हन्सन यांनाच लिहावी लागली आणि ती त्यांनी न लपवता लिहिली, हे त्यांचे मोठेपण आम्ही मान्य करतो. मात्र विनोदाच्या ओघात वाचक जखमेवरून हसत पुढे जातो.

अखेर सें-झाँ-द्यु-गार येथे ती प्रवासास असमर्थ ठरते. खोगिरासह ३५ फ्रँकांना तिला विकून लेखक घोडागाडीत बसतो आणि मग त्याला रडू येते. ती आपल्या हातून खात असे, हे तेव्हा आठवते. हे अश्रू खोटे नाहीत, पण ते उशिरा आले. जनावरांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेस शोभत नाही, असे १९९२ चा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २४१८) सांगतो. पराणी आपल्या वाडवडिलांच्या हातीही होती. म्हणून या वचनाचा रोख केवळ स्टीव्हन्सन यांच्याकडे नाही.

आज ही वाट ‘जीआर ७०’ या नावाने ओळखली जाते आणि पुष्कळ पांथस्थ भाड्याचे गाढव सोबत घेऊन ती चालतात. त्यांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र चाल गाढवाची ठेवावी.