'हलाल' : एका शब्दाचा अर्थसंकोच

मराठी माणसाच्या कानावर 'हलाल' हा शब्द पडला की त्याच्या डोळ्यांसमोर प्रथम खाटकाची सुरी येते. 'हलाल करणे' म्हणजे कापणे, आणि 'हळूहळू हलाल करणे' म्हणजे छळून छळून जीव घेणे. वरिष्ठाने गांजले, सावकाराने व्याजात बुडवले, तरी आपण हाच शब्द योजतो. ज्या अरबीतून हा शब्द निघाला, तिथे मात्र त्यात सुरी नाही, रक्त नाही आणि मुळात मांसही नाही. घरात मराठी आणि दाराबाहेर उर्दू ऐकत हैदराबादेत वाढलेल्या आम्हा मंडळींना ही विसंगती लवकर जाणवते. उर्दूतही 'हलाल करना' म्हणजे कापणे आहेच. परंतु तिथे त्याच्या शेजारी 'हलाल की कमाई' आणि 'हलाल की रोजी' सुखाने नांदतात. मराठीने सुरी तेवढी उचलली आणि कमाई तिथेच ठेवली. या शब्दाला आपण न्याय दिलेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अरबी धातू ह-ल-ल. त्याचा मूळ अर्थ गाठ सोडणे. काफिला मुक्कामाला थांबला की ओझ्यांच्या दोऱ्या सोडल्या जात; म्हणून उतरणे, मुक्काम करणे हाही अर्थ त्याला आला. उतरण्याची जागा ती 'महल्ल', वस्ती ती 'महल्ला'. आपला 'मोहल्ला' तिथला, आणि जुन्या महसुली व्यवस्थेतील 'महाल' व 'महालकरी' हेही तिथलेच. ('तहसील' आणि 'महसूल' यांचा धातू वेगळा, ह-स-ल, म्हणजे प्राप्त होणे. आयुष्यभर महसुलाच्या फायली चाळणाऱ्या आमच्यासारख्यांना ही व्युत्पत्ती फार पटते.) हिंदी-उर्दू बोलणारा गणित सुटले की 'हल' झाले म्हणतो, तो 'हल'ही याच कुळातला. 'हालहवाल' आणि 'हवालदार' मात्र या घरातले नव्हेत; तिथे नुसते ध्वनिसाम्य आहे.

तेव्हा हलाल म्हणजे ज्यावर बंधन नाही ते, मोकळे. त्याच्या उलट 'हराम' म्हणजे ज्याला कुंपण घातले आहे ते. हे कुंपण दोन कारणांनी पडते : वस्तू निषिद्ध म्हणून किंवा पवित्र म्हणून. मक्केच्या सर्वश्रेष्ठ मशिदीचे नाव 'मस्जिद-अल्-हराम' आहे, हे ऐकून आपल्याकडचे अनेक सुशिक्षित दचकतात. 'मोहरम' महिन्याचे नाव आणि राजवाड्यातला 'हरम' याच धातूचे. हज यात्रेकरू 'इहराम' धारण करतो, तेव्हा नेहमीच्या कित्येक गोष्टी त्याला वर्ज्य होतात. विधी संपला की तो पुन्हा 'हलाल' होतो, म्हणजे रोजच्या मोकळ्या जीवनात परततो. भगिनीभाषा हिब्रूत तर याच धातूपासून निघालेला शब्द पवित्राच्या विरुद्ध, लौकिक व सामान्य गोष्टीसाठी आहे. म्हणूनच आपली वृत्तपत्रे 'हलाल'चे भाषांतर अधूनमधून 'पवित्र' असे करतात, ते आम्हाला मुळातच चुकीचे वाटते. पवित्र ते हराम असू शकते. हलाल ते केवळ अनुज्ञात. ते चांगले असलेच पाहिजे असेही नाही. कुराणात 'हलाल' शब्दाला 'तय्यिब', म्हणजे उत्तम, या शब्दाची जोड दिलेली आढळते. दोन्ही एकच असते तर जोडीची गरज नव्हती.

शब्द अरबस्तानाबाहेर पडला आणि प्रत्येक भाषेने त्याचे वेगळे अंग पसंत केले. तुर्कांनी त्याला सर्वांत जिव्हाळ्याचे स्थान दिले असे म्हणावे लागेल. कोणी मोठे काम केले तर तुर्क 'हेलाल ओल्सून' म्हणून शाबासकी देतो : जे मिळवलेस ते तुला न्याय्यपणे मिळो. सज्जन माणसाचे वर्णन 'हलाल दूध प्यालेला' असे होते. लांबच्या प्रवासाला निघताना माणसे एकमेकांना 'तुझा माझ्यावरचा हक्क हलाल कर' असे सांगतात, आणि अंत्यविधीच्या वेळी इमाम जमलेल्यांना तेच विचारतो : मृतावरचे तुमचे हक्क तुम्ही सोडता ना? इराणातही निरोप घेताना 'हलालियत' मागतात. इंडोनेशियात रमझान ईदनंतर परस्परांची क्षमा मागण्यासाठी जो मेळावा भरतो त्याचे नावच 'हलालबिहलाल'. या तिन्ही ठिकाणी मूळची गाठ सोडण्याची क्रिया जिवंत आहे. सुटते ती माणसामाणसांतली गाठ.

हिंदुस्थानात मात्र या शब्दाचे नशीब फिरले. 'ऐन-इ-अकबरी'त नोंद आहे की झाडूवाल्यांसाठी 'हलालखोर' हे नाव अकबराने रूढ केले. कष्टाचे, न्याय्य कमाईचे खाणारा, हा त्यातला गौरव. पुढे लोकांनीच 'ज्याला सर्व काही खाणे चालते तो' असा कुत्सित अर्थ त्यावर लादला, आणि गौरवाचे नाव जातीची हेटाळणी झाले. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात मैला वाहून नेण्याच्या खर्चासाठी 'हलालखोर कर' होता. नाव बदलून माणसाचे स्थान बदलत नाही, याचे याहून बोलके उदाहरण कायद्याच्या पुस्तकात सापडणे कठीण.

दुसरा समास 'नमकहलाल'. मराठ्यांच्या जुन्या लेखनात 'निमकहराम' हे रूप वारंवार भेटते, तेही दूषण म्हणून. 'हराम' आपण हौसेने आत्मसात केला : हरामखोर, हरामी, हरामजादा, हरामाचा पैसा. शिवीला बाहेरचा शब्द चालतो, स्तुतीला घरचा लागतो, असा काही नियम असावा. कारण नमकहलालीसाठी 'खाल्ल्या मिठाला जागणे' हा अस्सल वाक्प्रचार आपल्याकडे होताच, आणि न्याय्य कमाईला 'घामाचा पैसा' होता. गंमत अशी की हलालचा खरा अर्थ मराठीत दुसऱ्याच एका अरबी शब्दाने सांभाळला. 'हक्काची भाकरी' म्हणताना आपण जे म्हणतो, ते उर्दूत 'हलाल की रोटी' आहे. तुर्की वाक्यात हे दोन शब्द हातात हात घालून येतात. मराठीत एकाला घर मिळाले, दुसऱ्याला खाटीकखाना.

गेल्या काही वर्षांत हा संकोच पुरा झाला. २०२२ मध्ये उगादीच्या सुमारास कर्नाटकात मांसावरून वाद पेटला. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने निर्यातीचा अपवाद करून हलाल-प्रमाणित उत्पादनांवर बंदी घातली. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्रात झटका मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्र आले. त्या धोरणांची बाजू घेणे वा खोडणे हा या टिपणाचा विषय नाही. परंतु या काळातले मराठी अग्रलेख चाळावेत. 'हलाल' शब्द दुकानाच्या पाटीपलीकडे कुठे गेलेला दिसत नाही.

अपवाद एका चित्रपटाचा. राजन खान यांच्या कथेवर शिवाजी लोटन पाटील यांनी दिग्दर्शित केलेला 'हलाल' २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. तलाक दिलेल्या पत्नीला परत आणायचे तर आधी तिचा दुसऱ्याशी विवाह झाला पाहिजे, या रूढीत सापडलेली स्त्री हा त्याचा विषय. ठरवून उरकलेल्या अशा विवाहाचा धर्मशास्त्राच्या अनेक जाणकारांनीही निषेध केलेला आहे. गाव ज्याला 'तिला नवऱ्यासाठी हलाल करणे', म्हणजे अनुज्ञात करणे, समजते, ते मराठी प्रेक्षकाला त्याच्या भाषेतल्या अर्थाने हलाल करणेच दिसते. शीर्षकातला एकच शब्द दोन्ही भाषांत खरा ठरतो. मराठीतला हा संकुचित अर्थ एखाद्या कलाकृतीच्या इतक्या कामी आलेला आम्ही दुसरा पाहिलेला नाही.